कसरत, मशक्कत आणि अर्धी ताकद

उर्दूच्या तासाला एक शब्द फळ्यावर लिहिला की वर्गात हमखास गोंधळ होतो. तो शब्द म्हणजे कसरत. उर्दूत तो दोन प्रकारे लिहितात. 'से' या अक्षराने लिहिला तर अर्थ होतो विपुलता, एखादी गोष्ट मोठ्या संख्येने, वारंवार असणे. 'सीन'ने लिहिला तर अर्थ होतो व्यायाम. उच्चार दोन्हीकडे एकच. यातला दुसरा शब्द म्हणजे पहिल्या अरबी शब्दाचेच लोकांच्या तोंडी पडलेले रूप, असे मानले जाते आणि मलाही ते पटते. पुन्हा पुन्हा करायची गोष्ट ती कसरत. म्हणजे ज्या कुणी व्यायामाला पहिल्यांदा हा शब्द लावला, त्याच्या डोळ्यांसमोर घाम, दमछाक, वेदना यातले काहीच नव्हते. त्याला दिसली ती वारंवारता.

आता दुसरा शब्द घ्या. अरबीतला 'मशक्कत' म्हणजे कष्ट, हालअपेष्टा. उर्दूत सक्तमजुरीच्या शिक्षेला 'कैद-ए-बामशक्कत' म्हणतात. हाच शब्द मराठीत आला, शेतकऱ्याच्या हाती लागला आणि 'मशागत' झाला. आपण जमिनीची मशागत करतो आणि शरीराचीही करतो. तिसरा शब्द मेहनत. मुळात अरबीत 'मिहना' म्हणजे कसोटी, संकट. कोल्हापूर-सांगलीकडचा पैलवान व्यायामाला व्यायाम म्हणत नाही, तो 'मेहनत करतो'.

चौथा शब्द मला सगळ्यांत आवडतो. रियाझत. आपल्याकडे गवयांनी त्याचा 'रियाज' केला. अरबीत या धातूचा मूळ अर्थ आहे कोवळ्या, न शिकवलेल्या घोड्याला हळूहळू वळण लावणे. ज्याने शिंगरू पाळले आहे त्याला ठाऊक असते की त्याला एका दिवसात दमवून शिकवता येत नाही. रोज थोडा वेळ, रोज तेच, आणि ते बिथरायच्या आत थांबायचे. आजही अरबी भाषेत खेळ आणि व्यायाम यांना 'रियाझा' हाच शब्द आहे.

म्हणजे आपल्या भाषेत व्यायामासाठी दोन घराण्यांचे शब्द शेजारी शेजारी राहतात. मशक्कत आणि मेहनत एकीकडे, कसरत आणि रियाज दुसरीकडे. पहिले घराणे म्हणते, अंग मोडल्याशिवाय ताकद येत नाही. दुसरे म्हणते, ताकद येते ती वारंवार केल्याने, आणि रोज करायचे असेल तर रोज मोडून पडता येत नाही. आज आपल्या मोहल्ल्यातल्या पोरांवर पहिल्या घराण्याचे राज्य आहे. पण इतिहास उघडून पाहिला तर जाणत्या लोकांचे मत जवळजवळ एकमुखाने दुसऱ्या बाजूला पडलेले दिसते.

सुरुवात इब्न सीनापासून करतो, कारण आपल्या घरांत 'बू अली सीना' हे नाव आदराने घेतात आणि त्याने लिहिले काय ते फारसे कुणी वाचत नाही. इसवी सन 980 मध्ये बुखाऱ्याजवळच्या अफशाना गावी जन्म, 1037 मध्ये हमदानला मृत्यू. त्याचा 'अल-कानून फित्-तिब्ब' हा पाच भागांचा ग्रंथ बाराव्या शतकात तोलेदो शहरात लॅटिनमध्ये उतरवला गेला आणि पुढे कित्येक शतके युरोपातले वैद्य त्यावर शिकले. 1593 मध्ये रोममध्ये तो अरबीत छापलाही गेला. त्याच्या पहिल्या भागात आरोग्य राखण्याच्या उपायांत व्यायामाला मानाचे स्थान आहे. तिथे शब्द आहे रियाझा, आणि त्याची व्याख्या साधी आहे. आपल्या इच्छेने केलेली अशी हालचाल, जिने श्वास खोल आणि जलद व्हावा लागतो. इच्छेने, हे महत्त्वाचे. हमालाच्या पाठीवरचे ओझे या व्याख्येत सहज बसत नाही.

प्रकारांची त्याची यादी वाचताना मजा येते. कुस्ती, मुष्टियुद्ध, धावणे, जलद चालणे, तिरंदाजी, उड्या, घोडेस्वारी, चेंडूचे खेळ, दगड उचलणे हे तर आहेच. पण झोक्यावर बसणे आणि नावेतून फिरणे हेही त्याच यादीत आहे, सौम्य व्यायाम म्हणून. आजारातून उठलेल्या माणसाला त्याने झोका सांगितला आहे. छातीसाठी आवाजाचा व्यायाम आहे, डोळ्यांसाठी बारीक वस्तू पाहण्याचा. ज्याची जेवढी ताकद, तेवढी त्याची रियाझत.

मग तो मुद्द्याचा प्रश्न घेतो. थांबायचे कधी? त्याच्याकडे घड्याळ नव्हते, नाडी मोजणारा पट्टा नव्हता. त्याने तीन गोष्टींकडे लक्ष ठेवायला सांगितले. त्वचेचा रंग खुलतो आहे, हालचाली हलक्या आणि चपळ आहेत, अंग भरून आल्यासारखे फुगते आहे, तोवर चालू द्या. रंग उतरू लागला, हालचाल जड झाली, घाम दव सुटल्यासारखा न राहता वाहू लागला, की बस. आणि पुढची सूचना मला सर्वांत शहाणपणाची वाटते. व्यायामाचे आणि त्याला साजेशा आहाराचे प्रमाण एकदा सापडले की दुसऱ्या दिवशी तेच ठेवावे, वाढवू नये. म्हणजे आज जेवढे केले तेवढे उद्याही करता आले पाहिजे, ही त्याची कसोटी.

थकव्यावर त्याने वेगळे प्रकरणच लिहिले आहे. जखमेसारखा ठणकणारा थकवा, ताणल्यासारखा थकवा, सुजेसारखा गरम थकवा, आणि कोरडेपणाचा थकवा असे प्रकार पाडले आहेत, आणि प्रत्येकाला उपाय दिले आहेत. चोळणे, आंघोळ, हलकी हालचाल, विश्रांती. थकवा ही त्याच्या लेखी कमाई नव्हती. ती दुखण्याची पूर्वसूचना होती. (शेखने स्वतःच्या तब्येतीला मात्र हा न्याय लावला नाही. रात्र रात्र लेखन, दरबारी धावपळ, आणि 57 व्या वर्षी पोटाच्या विकाराने मृत्यू. वैद्यांचे हे असेच असते.)

इब्न सीना हे आकाशातून घेऊन आला नव्हता. त्याच्या मागे यवनी वैद्य जालिनूस उभा आहे, ज्याला युरोप गॅलेन म्हणतो. जालिनूसने तरुणपणी पर्गमम शहरात ग्लॅडिएटरांचा वैद्य म्हणून काम केले होते. शरीरे कशी मोडतात हे त्याने जवळून पाहिले होते. त्याने लहान चेंडूच्या खेळावर एक छोटी पुस्तिका लिहून त्याची तारीफ केली, कारण तो गरिबाला परवडतो, सगळ्या अंगाला हलवतो आणि कमी-जास्त करता येतो. आणि व्यावसायिक मल्लांच्या खाणे, झोपणे आणि अतिश्रम एवढ्याच चक्रात फिरणाऱ्या आयुष्यावर त्याने सडकून टीका केली.

पण आपल्या वाचकांना बहुधा ठाऊक नसेल ती गोष्ट पुढची. बगदादमध्ये हारून रशीदच्या काळी याह्या बिन खालिद बरमकी या वजिराच्या सांगण्यावरून मनका नावाच्या हिंदी वैद्याने सुश्रुताचा ग्रंथ अरबीत समजावून दिला. इब्न नदीमने दहाव्या शतकात आपल्या 'फिहरिस्त'मध्ये त्याची नोंद केली आहे, आणि अल-राझीच्या 'अल-हावी'त हिंदी वैद्यांचे दाखले येतात. त्या सुश्रुतसंहितेत व्यायामाचे माप काय आहे? आपल्या बळाच्या निम्मे. अर्धी ताकद खर्च करायची, अर्धी राखायची. आणि निम्मे बळ खर्च झाले हे ओळखायचे कसे, तर श्वास तोंडाशी येऊ लागला, कपाळ, नाक, काखा यांना घाम सुटला, तोंडाला कोरड पडली, की तो अर्धशक्तीचा टप्पा. वाग्भटानेही हेच माप घेतले. अतिव्यायाम करणाऱ्याला जुन्या आयुर्वेदात दिलेली उपमा तर विसरता येत नाही. हत्तीला ओढत नेऊ पाहणारा सिंह त्या ओढण्यातच मरतो.

इब्न सीनाने माप सुश्रुताकडून घेतले असे मला म्हणायचे नाही. त्याचा मुख्य आधार जालिनूसच. पण पर्गमम, काशी, बुखारा अशा तीन टोकांचे वैद्य, तिघांच्या शरीराच्या कल्पना वेगळ्या, तरी घामाकडे आणि श्वासाकडे पाहून सगळे जवळपास एकाच ठिकाणी थांबा म्हणतात, याला काही अर्थ आहे. आजचे डॉक्टर चालणाऱ्या रुग्णाला सांगतात की बोलता आले पाहिजे पण गाता येऊ नये एवढ्या वेगाने चाला. श्वास तोंडाशी येण्याचीच ही आजची भाषा.

यावर कुणीतरी हटकून म्हणतो, मग गामाचे काय? गुलाम मुहम्मद, गामा पैलवान. 1910 मध्ये लंडनला जाऊन पोलंडच्या झ्बिश्कोला त्याने अडीच तास चटईला चिकटून राहायला लावले, आणि 1928 मध्ये पतियाळात मिनिटाभराच्या आत चीत केले. तो रोज 5,000 बैठका आणि 3,000 जोर मारायचा असे सांगतात. आकडा अगदी जसाच्या तसा घ्यावा की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण घेतला तरी तो माझ्या बाजूचा पुरावा आहे. हजारांच्या संख्येने करता येते ती गोष्ट एकेका वेळी अवघड असूच शकत नाही. बैठक म्हणजे आपलेच वजन, श्वासाच्या लयीत, वर-खाली. जिला आपण 'से'ची कसरत म्हणालो ती हीच. शिवाय गामाने हे पोरवयापासून वाढवत नेले, संस्थानाच्या आश्रयाने, दूध-तूप-बदामाच्या खुराकावर, मालिशवाल्यांच्या हाताखाली, दुपारच्या झोपेसह. रिक्षा चालवून आलेल्या पोराने रात्री दहाला गामा व्हायला जाणे म्हणजे त्या सिंहाची गत.

आपल्याकडच्या तालमींनी हे शहाणपण पुस्तकाविना सांभाळले. 'तालीम' हा शब्दच शिकवण्याचा आहे. अरबीत 'तालीम' म्हणजे शिक्षण, उर्दूत आजही तोच अर्थ, आणि मराठीत मात्र लाल मातीची जागा. वस्ताद म्हणजे उस्ताद. माझ्या मते ही भाषेची गंमत नाही, त्यात एक समज आहे की ताकद ही शिकायची गोष्ट आहे. नवा पोरगा तालमीत आला की वस्ताद त्याला लगेच जोडीला सोडत नाही. आधी माती उकरायची, पाणी मारायचे, झाडायचे, मग थोडे जोर, थोड्या बैठका. संख्या वस्ताद ठरवतो. 'आज बास' म्हणायचा अधिकार त्याचा. कोल्हापूरच्या बाबूजमाल तालमीत मोहरमचा पंजा बसतो आणि सगळ्या जातीधर्मांची माणसे येतात, हे सगळ्यांना माहीत आहे. पण तालमीतला हा 'बास' कमी लोकांना माहीत आहे. जिममध्ये तो म्हणणारा कुणी नसतो, कारण तिथला शिकवणारा मासिक फीवर नेमलेला असतो आणि दमल्याशिवाय पैसे वसूल झाल्यासारखे गिऱ्हाइकाला वाटत नाही.

बडोद्याचे नाव इथे घ्यायलाच हवे. गायकवाडांच्या त्या मराठी-गुजराती शहरात जुम्मादादा नावाचे मुसलमान वस्ताद होते. त्यांच्या नावाने व्यायाममंदिर उभे राहिले आणि त्यांच्यामागे ते चालवले त्यांच्या हिंदू शिष्याने, राजरत्न प्रोफेसर माणिकरावांनी. माणिकरावांनी आखाड्यातल्या विद्येला शिस्त आणि क्रम दिला. 1907 ते 1910 या काळात तिथे जगन्नाथ गणेश गुणे नावाचा तरुण शिकला. पुढे तो स्वामी कुवलयानंद झाला आणि 1924 मध्ये त्याने लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केले. कुवलयानंदांनी आसनांचे परिणाम क्ष-किरण आणि रक्तदाबाच्या यंत्रांनी तपासले, आणि आसन संपल्यावर माणूस दमलेला नव्हे, ताजा झालेला असावा यावर त्यांचा भर राहिला. याच बडोद्यात आबासाहेब मुजुमदारांनी 'व्यायाम ज्ञानकोश' दहा खंडांत मराठीत सिद्ध केला. मराठी व्यायामाच्या या वंशवेलीच्या मुळाशी एक जुम्मादादा आहेत, हे आपल्या पोरांना कुणी सांगत नाही. सांगायला हवे, आणि अभिमानाचा ढोल न वाजवता सांगायला हवे.

विसाव्या शतकातल्या प्रयोगशाळांचे थोडक्यात सांगतो. थॉमस डीलॉर्म हा अमेरिकी लष्करी डॉक्टर. लहानपणी संधिवाताच्या तापाने आजारी पडलेला आणि वजने उचलून सावरलेला. दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांचे गुडघे सुधारण्यासाठी त्याने वाढत्या वजनांची पद्धत आणली आणि 1945 मध्ये ती प्रसिद्ध केली. सुरुवातीला तो एका बैठकीत 70 ते 100 वेळा वजन उचलायला लावत असे. 1948 मध्ये त्याने आणि वॉटकिन्सने लिहिले की हा आकडा फार झाला, 20 ते 30 वेळा पुरेसे होते. आणि पहिला फेरा निम्म्या वजनाने. 1953 मध्ये जर्मनीत डॉर्टमुंडला हेटिंगर आणि म्युलर यांनी तर आणखी धक्का दिला. पूर्ण ताकदीच्या दोन-तृतीयांश जोराने, दिवसातून एकदा, सहा सेकंद स्नायू आवळला तरी ताकद आठवड्याला पाच टक्क्यांच्या आसपास वाढते, असे त्यांना आढळले. पुढच्या संशोधकांना एवढी वाढ मिळाली नाही, पण थोड्या, रोजच्या, न दमवणाऱ्या श्रमाने ताकद येते हे मूळ निरीक्षण टिकले. 1979 मध्ये मोरितानी आणि डिव्हराइस यांनी दाखवले की पहिल्या काही आठवड्यांत वाढणारी ताकद मुख्यतः स्नायू जाड झाल्याने येत नाही, मज्जातंतू स्नायूला हाक मारायला शिकतात त्यामुळे येते. म्हणजे रियाजच. मिरजेला राहून गेलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या परंपरेतला कुणीही गवई सांगेल की थकलेल्या गळ्याने केलेला रियाज चुका पक्क्या करतो.

मग दमछाकीची ही प्रतिष्ठा आली कुठून? एक उत्तर तुरुंगात सापडते. 1818 मध्ये विल्यम क्युबिट या इंग्रज अभियंत्याने कैद्यांसाठी पायऱ्यांचे फिरते चाक बनवले. कैदी तासन् तास चढत राहायचा आणि कुठेच पोचायचा नाही. ती शिक्षा इंग्लंडने 1898 मध्ये मोडीत काढली. त्या यंत्राचे नाव होते ट्रेडमिल. आज त्याच नावाच्या पट्ट्यावर धावायला आपण पैसे भरतो, ही गंमत बाजूला ठेवू. पण शरीरश्रम म्हणजे शिक्षा, ही कल्पना आमच्या शाळांत तर अजून जिवंत आहे. गृहपाठ केला नाही? उठाबशा काढ. बोललास? मैदानाला चार चकरा. ज्या बैठकांनी गामा घडला त्याच आपण पोरांना अपमान म्हणून शिकवतो. कायद्याने शारीरिक शिक्षेला बंदी आहे हे खरे, पण माझी तक्रार वेगळी आहे. शिक्षा म्हणून भेटलेल्या गोष्टीवर जन्मात प्रेम बसत नाही.

आणि मग अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी पोलीस भरतीची जाहिरात निघते. मुलांना 1,600 मीटर, मुलींना 800 मीटर, शिवाय शंभर मीटर आणि गोळाफेक. दहा वर्षे न हललेली पोरे दोन महिन्यांसाठी पहाटे चारला रस्त्यावर उतरतात. पहिल्याच आठवड्यात ओकारी येईपर्यंत पळतात. तिसऱ्या आठवड्यात नडगी धरून बसतात. मैदानी चाचणीच्या दिवशी त्यातली काही लंगडत असतात. घरात कुणाला सरकारी नोकरी नाही, आईच्या बांगड्या विकून अकादमीची फी भरलेली, आणि हातातून गेले ते केवळ कुणी 'आज बास' म्हटले नाही म्हणून. माझ्या हातून शिकून गेलेल्यांपैकी अशी तीन-चार पोरे मी ओळखतो. ताकदीने ती कमी नव्हती.

धर्माचा आधार मी या लेखात ओढूनताणून घेणार नाही. नमाज हा व्यायाम आहे असे सांगणारे संदेश मलाही रोज येतात आणि मला ते आवडत नाहीत. नमाज इबादत आहे, तिला गुडघ्यांच्या फायद्याची शिफारस लागत नाही. पण बुखारीतला एक प्रसंग इथे आठवणे अप्रस्तुत होणार नाही. मशिदीत दोन खांबांमध्ये दोरी बांधलेली दिसली. विचारले तेव्हा कळले की ती हजरत झैनब यांची आहे, रात्रीच्या नमाजात उभे राहून थकल्यावर त्या तिचा आधार घेतात. पैगंबरांनी ती सोडायला लावली. उत्साह असेल तोवर उभे राहावे, थकल्यावर बसावे, असा त्यांच्या सांगण्याचा आशय. हजरत आयशा यांच्याकडून आलेल्या हदीसचा आशयही सर्वांना ठाऊक आहे, की थोडे का असेना, नेमाने होणारे काम अल्लाहला अधिक प्रिय. इबादतीत जिथे दोरी सोडायला लावली, तिथे पोलीस भरतीच्या मैदानावर ती कशाला बांधायची?

शेवटी शाळेकडे येतो. आमच्या वेळापत्रकात शारीरिक शिक्षणाचे तास आहेत, पण परीक्षा जवळ आली की ते गणिताला जातात. उर्दू माध्यमात गणिताला 'रियाझी' म्हणतात, आणि तो शब्दही त्याच घोड्याला वळण लावणाऱ्या धातूपासून आला आहे. म्हणजे रियाझतचा तास रियाझी खाते. मुलींचे तर मैदान आधीच आखूड. आठवीनंतर त्यांनी पळावे हे घरच्यांना रुचत नाही, आणि पस्तिशीत त्याच बायका शुगरच्या गोळ्यांचा डबा घेऊन भेटतात.

यंदा आम्ही दोघातिघा शिक्षकांनी मुख्याध्यापकांना भेटून एक साधी गोष्ट मागून घेतली. परिपाठानंतर रोज दहा मिनिटे. वर्गातच, बाकांच्या मधल्या जागेत, ओढणी सावरून करता येईल एवढेच. दहा बैठका, भिंतीला हात टेकून दहा जोर, खांदे फिरवणे, शंभर आकडे मोजत जागच्या जागी चालणे. दम लागला की बसायचे, कुणी हसायचे नाही. आठवड्याने बैठका अकरा करायच्या, पंधरवड्याने बारा. उठाबशांची शिक्षा त्या दिवसापासून बंद, कारण एकच गोष्ट सकाळी चांगली आणि दुपारी वाईट असू शकत नाही. काही पालकांनी विचारले की एवढ्याशा दहा बैठकांनी काय होणार. मी त्यांना गामाचे नाव सांगितले नाही. दिवाळीनंतर येऊन बघा म्हणालो. सातवी ब मधल्या मुलींचा आकडा सध्या अठरावर आहे, आणि सकाळी माझ्या आधी त्याच उभ्या राहतात.